स्टेशन एफ

स्टेशन एफ हे फ्रान्सची राजधानी पॅरिस येथील तंत्रज्ञानविषयक नवउद्योगांचे, म्हणजेच स्टार्टअप कंपन्यांचे, सामायिक कार्यस्थळ आहे. शहराच्या तेराव्या प्रभागात, रेल्वेच्या एका जुन्या मालधक्क्याच्या वास्तूत ते वसलेले आहे. दूरसंचार उद्योजक झाविए निएल यांनी त्याची स्थापना केली. २९ जून २०१७ रोजी राष्ट्राध्यक्ष एमान्युएल माक्राँ यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. सुमारे ३४,००० चौरस मीटर क्षेत्रफळ आणि सुमारे १,००० नवउद्योग सामावण्याची क्षमता यांमुळे जगातील सर्वांत मोठ्या अशा केंद्रांत त्याची गणना होते.

वास्तूचा इतिहास

‘हाल फ्रेसिने’ या नावाने ओळखली जाणारी ही वास्तू १९२७ ते १९२९ या काळात बांधण्यात आली. पूर्वप्रतिबलित काँक्रीटचे प्रवर्तक एजेन फ्रेसिने हे तिचे अभियंता होते. केंद्राच्या नावातील ‘एफ’ हे अक्षर त्यांचेच स्मरण देते. जवळच्या ऑस्तरलित्झ स्थानकाशी निगडित मालाची चढउतार येथे होत असे. वास्तूची लांबी ३१० मीटर असून तिचे छत काँक्रीटच्या पातळ कमानींचे आहे. मालवाहतूक बंद पडल्यावर ती पाडली जाण्याची भीती निर्माण झाली होती. परंतु २०१२ मध्ये तिला संरक्षित ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा मिळाला. वास्तुविशारद जाँ-मिशेल विल्मोत यांनी मूळ सांगाडा कायम राखून तिचे रूपांतर केले.

रचना

केंद्राचे तीन विभाग आहेत. पहिल्या विभागात सभागृह व बैठकांच्या जागा आहेत. मधल्या विभागात नवउद्योगांची सुमारे ३,००० मेजे आहेत. तिसऱ्या विभागात ‘ला फेलिचिता’ हे २०१८ मध्ये सुरू झालेले भव्य उपाहारगृह असून ते सर्वसामान्य नागरिकांनाही खुले आहे.

कार्यपद्धती

फ्रान्समधील व्यापारी जागेचा प्रचलित भाडेकरार नऊ वर्षांचा असतो व भाडेकरूला साधारणपणे दर तीन वर्षांनीच त्यातून बाहेर पडता येते. पुढील सहा महिन्यांची शाश्वती नसलेल्या कंपनीला असा करार पेलत नाही. येथे मात्र मेजागणिक मासिक शुल्क आकारले जाते. केंद्राच्या स्वतःच्या ‘फाउंडर्स प्रोग्राम’साठी प्रारंभी ते १९५ युरो होते. या कार्यक्रमात कंपनीच्या भागभांडवलात वाटा मागितला जात नाही. अन्य कार्यक्रम मोठ्या कंपन्या व शिक्षणसंस्था चालवतात आणि प्रत्येकाची निवडपद्धती वेगळी असते. शासकीय सेवांचे प्रतिनिधीही याच आवारात भेटत असल्याने परवाने, कर व व्हिसा यांसंबंधीचे हेलपाटे कमी होतात. मेज ही कायमची जागा मानली जात नाही. व्याप वाढलेल्या कंपनीने स्वतंत्र कार्यालय गाठावे, अशीच अपेक्षा असते.

निवास

पॅरिसमध्ये घरमालक सहसा भाड्याच्या तिप्पट मासिक उत्पन्नाचा पुरावा व जामीनदार मागतात. स्वतःला अद्याप वेतन न देणाऱ्या संस्थापकाला, विशेषतः परदेशातून आलेल्याला, ही अट पूर्ण करणे कठीण जाते. ही अडचण लक्षात घेऊन २०१९ मध्ये लगतच्या ईव्री-सुर-सेन येथे ‘फ्लॅटमेट्स’ हे सहनिवास संकुल सुरू करण्यात आले. तेथील १०० सदनिकांत सुमारे ६०० जणांची सोय आहे.

प्रवेशाचा प्रश्न

उद्घाटनाच्या भाषणात माक्राँ यांनी, रेल्वे स्थानकात यशस्वी माणसे आणि कोणीही नसलेली माणसे एकमेकांसमोरून जातात, अशा आशयाचे विधान केले. त्यावर फ्रान्समध्ये तीव्र टीका झाली. एका छताखालच्या सहवासातून ओळखी, सल्ला व गुंतवणूक मिळते हे मान्य केले, तरी त्या छताखाली प्रवेश कोणाला मिळतो, हा प्रश्न या वादाने ठळक केला. प्रतिकूल सामाजिक परिस्थितीतून आलेल्या संस्थापकांसाठी केंद्र ‘फायटर्स प्रोग्राम’ चालवते. त्यात निवडलेल्यांना जागा विनामूल्य मिळते. असे असले तरी तेथेही निवडीची पायरी ओलांडावी लागते.

भारताशी संबंध

पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या फेब्रुवारी २०२५ मधील फ्रान्स भेटीच्या वेळी प्रसिद्ध झालेल्या संयुक्त निवेदनात, स्टेशन एफमध्ये दहा भारतीय नवउद्योगांना स्थान मिळाल्याचे स्वागत करण्यात आले.