एका अक्षराचीं तीन रूपें

धुळ्यास राजवाडे संशोधन मंडळांत जुन्या मोडी कागदांचा संग्रह आहे. मोडी लिहितांना ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा पाळीत नसत. वाचणारा संदर्भावरून शब्द ओळखी आणि व्यवहार अडत नसे. म्हणून आज जळगांवच्या बाजारांत एका पाटीवर 'कॉम्प्युटर' व दुसरीवर 'कंप्यूटर' दिसलें, तर रंगाऱ्यास हंसण्याचें कारण नाहीं. दुसरें रूप हिंदीचें. सातपुडा ओलांडून येण्यास त्याला दूर पडत नाहीं. खुद्द 'धुळें' हें नांव इंग्रजी दप्तरांत 'धुलिया' झालें होतें, आणि त्यावरील अनुस्वार १९६२ च्या लेखननियमांनंतर गेला.

अडचण आली ती यंत्रामुळें. 'ॲप' ह्या इवल्याशा शब्दाचें आद्याक्षर युनिकोड ह्या जागतिक लिपिसंकेतांत २००८ सालीं दाखल झालें. तोंवर कोणी 'ए'वर चंद्र देऊन 'ऍप' लिही, कोणी 'अ'ला सुटा चंद्र जोडून 'अॅप'. हें जोडलेलें रूप आणि नवें अक्षर डोळ्यांस एकच दिसतें. संगणकाच्या लेखीं मात्र तीं दोन, कारण तो आकृति पाहत नाहीं, क्रमांक पाहतो. जुन्या तऱ्हेनें टंकलेला लेख नव्या अक्षरानें शोधूं गेल्यास, दोहोंची सांगड यंत्रास आधीं घालून दिलेली नसेल, तर तो सांपडत नाहीं. घरांत असून नसल्यासारखा.