पैसे आले कुठून?

चळवळींचा इतिहास वाचताना एक गोष्ट मला नेहमी खटकते. भाषणे सापडतात, मोर्चांची छायाचित्रे सापडतात, तुरुंगात गेलेल्यांची नावे सापडतात. जमाखर्च मात्र सापडत नाही. पत्रकांचा कागद, वकिलाची फी, गाडीतले पेट्रोल, नोकरी गेलेल्या कार्यकर्त्याच्या घरचा किराणा हे सगळे कुणीतरी भरलेले असते. मी स्वतः काही वर्षे एका छोट्या वाचनालयाचा हिशेब सांभाळला आहे. त्यामुळेही असेल, पण कुठल्याही आंदोलनाची हकिगत ऐकली की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो, पैसे आले कुठून? आज हाच प्रश्न मी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लढ्याला विचारणार आहे.

या लढ्याची मराठी वाचकाला ओळख जुनीच आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली, तेव्हा ती अर्पण केली गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना. गुलामगिरी कायद्याने संपली होती १८६५ मध्ये. पण त्यानंतर नव्वद वर्षांनीही अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी शहरात काळ्या माणसाला बसमध्ये पुढच्या बाकावर बसता येत नव्हते. १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स यांनी गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडायला नकार दिला, त्यांना अटक झाली आणि ५ डिसेंबरपासून शहरातल्या कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार टाकला. इथवरची गोष्ट शाळेतल्या मुलांनाही माहीत असते. पुढचे पुस्तकात थोडे कमी असते.

बहिष्कार म्हणजे नुसते ‘बसमध्ये चढायचे नाही’ एवढेच नव्हे. बसचे सुमारे तीन चतुर्थांश प्रवासी काळे होते. सकाळी गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी आणि स्वयंपाक करायला जाणाऱ्या बायका, मजूर, शिपाई, शाळेची पोरे. त्यांना रोज कामावर पोचवायचे आणि परत आणायचे होते. सुरुवातीला काळ्या टॅक्सीवाल्यांनी बसच्याच भाड्यात, म्हणजे १० सेंटमध्ये, माणसे नेली. नगरपालिकेने लगेच नियम दाखवला की टॅक्सीचे किमान भाडे ४५ सेंट. मग खासगी मोटारी गोळा झाल्या. त्यांची संख्या तीनशेच्या घरात गेली. ठरलेले थांबे, ठरलेल्या वेळा, पेट्रोलचा खर्च, चालकांचा खर्च असे सगळे आले. पुढे मोठ्या स्टेशन वॅगन घेतल्या आणि त्या एकेका चर्चच्या नावावर नोंदवल्या. चर्चचे नाव रंगवलेल्या या गाड्यांना लोक कौतुकाने ‘चाकांवरची चर्चे’ म्हणत. विमा कंपन्या त्यांचा विमा रद्द करत राहिल्या. शेवटी अटलांटातल्या एका कृष्णवर्णीय विमा एजंटाच्या खटपटीने लंडनच्या लॉइड्सकडून विमा मिळाला. हे सगळे सांभाळणारी संस्था होती माँटगोमेरी इम्प्रूव्हमेंट असोसिएशन, आणि तिचे अध्यक्ष होते २६ वर्षांचे पाद्री डॉ. मार्टिन ल्यूथर किंग. महिन्याचा खर्च हजारो डॉलरच्या घरात होता.

बाहेरून मदत आली हे खरे. उत्तरेकडची चर्चे, कामगार संघटना, परदेशातले अनोळखी हितचिंतक यांच्याकडून पाकिटे येत राहिली. पण बहिष्काराची बातमी बाहेर पोचायला वेळ लागला. तोवर, आणि त्यानंतरही, गावचा पैसा गावातूनच उभा राहिला. सभेत टोपली फिरायची, आणि त्या टोपलीत सर्वात वाजतगाजत येणारी रक्कम असायची जॉर्जिया गिलमोर या बाईंची.

जॉर्जियाबाई आचारीण होत्या, शहरातल्या एका खाणावळीत कामाला. अंगाने भरदार, बोलायला सडेतोड. सुईणीचेही काम करायच्या. पदरी मुले होती. पार्क्सबाईंच्या अटकेच्या दोन महिने आधीच त्यांनी एकटीने बस सोडली होती. एका चालकाने त्यांच्याकडून पैसे घेतले, खाली उतरून मागच्या दाराने चढायला सांगितले आणि त्या मागे जाईपर्यंत गाडी सुरू करून निघून गेला. त्या दिवसापासून बाई पायी.

बहिष्काराच्या आरंभी त्यांनी काही मैत्रिणी जमवल्या. सगळ्या जणी याच थरातल्या. कुणी स्वयंपाकीण, कुणी मोलकरीण. आपसात १४ डॉलर गोळा केले, कोंबड्या, पाव आणि लेट्यूसची पाने आणली, तळलेल्या कोंबडीची सँडविचे बांधली आणि सभेच्या गर्दीत विकली. मग केक आले, रताळ्याचे गोड पाय आले, मासे आणि भाजीची ताटे आली. विक्री दारोदार, केशकर्तनालयात, टॅक्सीच्या थांब्यावर. आठवड्याला शेसव्वाशे डॉलर, कधी दोनशेसुद्धा. सोमवारच्या सभेत बाई गात गात पुढे यायच्या, रक्कम जाहीर करायच्या आणि लोक पाय आपटून दाद द्यायचे. शहराच्या दुसऱ्या भागातल्या इनेझ रिक्स यांनी तसाच एक गट काढला. मग काय, दोघींत चढाओढ. या आठवड्याला कुणाचे जास्त, हे ऐकायला लोक सभेला यायचे.

गिलमोरबाईंच्या गटाचे नाव मात्र मोठे मजेदार होते. ‘क्लब फ्रॉम नोव्हेअर’, म्हणजे आपल्या भाषेत ‘कुठलेच नाही मंडळ’. पैसे कुठून आले असे कुणी विचारले तर उत्तर ठरलेले, कुठूनच नाही! यात गंमत होती, पण भीतीही होती. केक भाजणारी बाई ज्या घरी कामाला होती त्या मालकिणीला समजले तर तिची नोकरी जाणार. केक विकत घेणारा काळा भाडेकरू असला तर त्याचे घर जाणार. आणि केक घेणाऱ्यांत काही गोरेही होते, त्यांना तर शेजाऱ्यांत तोंड दाखवता आले नसते. म्हणून कुणी भाजले, कुणी घेतले, याची यादी कागदावर नव्हतीच. ती एकट्या जॉर्जियाबाईंच्या डोक्यात होती. पावतीपुस्तकाशिवाय हिशेब म्हटले की माझ्यासारख्याच्या कपाळाला आठ्या पडतात. पण इथे कागद न ठेवणे हीच हिशेबनिसाची जबाबदारी होती.

मार्च १९५६ मध्ये डॉ. किंग यांच्यावर १९२१ च्या एका बहिष्कारविरोधी कायद्याखाली खटला चालला. जॉर्जियाबाईंनी भर कोर्टात साक्ष दिली. त्यानंतर त्यांची खाणावळीतली नोकरी गेली. किंगनी त्यांना घरीच स्वयंपाक सुरू करायला सुचवले आणि भांडीकुंडी घ्यायला पैसेही दिले. पुढे त्यांचे स्वयंपाकघर म्हणजे चळवळीचे जेवणघर झाले. टेबलाभोवती वकील, पाद्री, कार्यकर्ते बसलेले, मसलती चाललेल्या. ३८१ दिवसांनी, डिसेंबर १९५६ मध्ये, बहिष्कार यशस्वी होऊन संपला. बाईंचे लढणे संपले नाही. गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या बागेतून गेल्याबद्दल त्यांच्या मुलाला पोलिसांनी मारले, तेव्हा शहरातल्या बागा सर्वांना खुल्या कराव्यात म्हणून दावा दाखल करणाऱ्यांत त्या होत्या. ‘गिलमोर विरुद्ध माँटगोमेरी शहर’ या नावाने तो कायद्याच्या पुस्तकांत आजही वाचायला मिळतो. मार्च १९९० मध्ये सेल्मा ते माँटगोमेरी पदयात्रेचा पंचविसावा वर्धापनदिन होता. येणाऱ्यांसाठी बाईंनी स्वयंपाक करायला घेतला आणि त्यातच त्यांना मृत्यू आला. त्यांनी रांधलेले अन्न त्यांच्या अंत्यविधीला आलेल्यांनी खाल्ले.

त्यांनी नावे डोक्यात ठेवली ते किती शहाणपणाचे होते, हे त्याच वर्षी दिसले. एनएएसीपी ही कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी १९०९ पासून काम करणारी देशव्यापी संस्था. तिचा सारा डोलारा सभासदांच्या वर्गणीवर. १९५६ मध्ये अलाबामा सरकारने तिच्यावर बंदीहुकूम आणला आणि राज्यातल्या सभासदांची नावनिशीवार यादी मागितली. संस्थेने नकार दिला. कोर्टाने एक लाख डॉलर दंड ठोठावला. यादी सरकारकडे गेली म्हणजे ती मालकांकडे, बँकेकडे आणि पांढरे बुरखे घालणाऱ्यांकडेही गेली, हे सगळ्यांना ठाऊक होते. १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला, यादी मागता येणार नाही. वर्गणीदाराचे नाव गुप्त राहणे हा संघटना करण्याच्या हक्काचा भाग ठरला. तरी एनएएसीपीला अलाबामात पुन्हा काम सुरू करता आले ते १९६४ मध्ये! निकाल आपल्या बाजूने लागला म्हणजे प्रश्न सुटला असे समजणाऱ्यांनी ही सहा वर्षे ध्यानात ठेवावीत.

सरकारचा दुसरा मार्ग होता हिशेबाचा. १९६० मध्ये अलाबामाने डॉ. किंग यांच्यावर प्राप्तिकराचे खोटे विवरण भरल्याचा फौजदारी खटला भरला. चळवळीचे पैसे खिशात घातले, हा त्यातला खरा बोचरा आरोप. किंग बाकी कशाने नाही एवढे या आरोपाने खचले होते, आणि ते समजण्यासारखे आहे. तुरुंगात गेलेला पुढारी मोठा होतो, वर्गणी खाल्लेला होत नाही. त्या मे महिन्यात बारा गोऱ्या ज्यूरींनी त्यांना निर्दोष ठरवले. त्या खटल्याच्या खर्चासाठी मित्रांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये २९ मार्च १९६० रोजी पानभर जाहिरात दिली होती, खाली देणगीचे कूपन. मजकुरात तपशिलाच्या काही बारीक चुका होत्या. तेवढ्यावर माँटगोमेरीचे आयुक्त सुलिव्हन यांनी वृत्तपत्रावर आणि जाहिरातीत नावे असलेल्या चार कृष्णवर्णीय पाद्र्यांवर बदनामीचा दावा लावला आणि पाच लाख डॉलरचा निकाल मिळवला. वसुलीसाठी पाद्र्यांच्या मोटारी जप्त झाल्या. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल १९६४ मध्ये रद्द केला. वृत्तपत्र स्वातंत्र्याचा मैलाचा दगड म्हणून त्याचे नाव घेतले जाते. मुळात ते वर्गणीचे आवाहन होते हे कुणी सांगत नाही.

आता मोठ्या पैशाकडे वळू. १९६२ मध्ये ‘व्होटर एज्युकेशन प्रोजेक्ट’ सुरू झाला. टॅकोनिक, फील्ड आणि स्टर्न या धर्मादाय न्यासांचा पैसा, केनेडी सरकारची फूस. रस्त्यावरच्या निदर्शनांपेक्षा तरुणांनी मतदार नोंदणीत लक्ष घालावे, अशी सरकारची इच्छा. हेतू वाईट नव्हता, प्रमुख वायली ब्रँटन हे स्वतः कृष्णवर्णीय वकील होते आणि दक्षिणेत लाखो नवे मतदार नोंदले गेले. पण मिसिसिपीत गाडी रुतली. तिथे नाव नोंदवायला आलेल्या काळ्या माणसाला राज्यघटनेचे कलम समजावून सांगायला लावत आणि नापास करत. लेफ्लोर काउंटीने तर १९६२ च्या हिवाळ्यात गरिबांना मिळणारे सरकारी धान्यच बंद केले. कार्यकर्त्यांनी मग नोंदणी बाजूला ठेवून ट्रक भरभरून अन्न आणि कपडे आणले. हे कार्यकर्ते ‘स्निक’ या विद्यार्थी संघटनेचे, आठवड्याला १० डॉलर, तेही कर कापून.

नोव्हेंबर १९६३ मध्ये प्रोजेक्टने मिसिसिपीचा पैसा थांबवला. कारण साधे, नोंदलेल्या मतदारांची संख्या फार कमी होती. आणि त्याच महिन्यात कार्यकर्त्यांनी राज्यभर स्वतःची प्रतीकात्मक निवडणूक घेतली. चर्चमध्ये, दुकानांत, केशकर्तनालयांत मतपेट्या ठेवल्या. सुमारे ८० हजार लोकांनी मत टाकले. ज्यांना मतदानात रस नाही असे म्हटले जात होते तेच हे लोक. ते दात्याच्या तक्त्यातल्या रकान्यात बसत नव्हते, एवढेच. ब्रँटन यांना मी दोष देणार नाही, त्यांनाही वर कुणाला तरी हिशेब द्यायचा होता. पण चळवळ जिथे सर्वात कठीण तिथे आकडे सर्वात लहान असतात, आणि दाता आकडे बघून देत असला तर पैसा नेमका तिथूनच उठतो.

आकडे चांगले आले तरी सुटका नव्हती. १९६७ मध्ये फोर्ड फाउंडेशनने क्लीव्हलँडमधल्या ‘कोअर’ या संघटनेला १ लाख ७५ हजार डॉलर दिले. त्यातून मतदार नोंदणीही झाली. त्याच नोव्हेंबरात कार्ल स्टोक्स तिथले महापौर म्हणून निवडून आले, अमेरिकेतल्या मोठ्या शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर. काँग्रेसमध्ये आरडाओरडा झाला. १९६९ च्या करसुधारणा कायद्याने बंधन घातले की, न्यासाचा पैसा मतदार नोंदणीला मिळायचा तर संस्थेने किमान पाच राज्यांत काम केले पाहिजे आणि एका देणगीदाराचा वाटा चौथाईहून जास्त नसावा. म्हणजे एका गावात, एका वस्तीत काम करणारी छोटी संस्था आपोआप बाद.

मे २०२० मध्ये मिनिआपोलिसला एका पोलिसाने जॉर्ज फ्लॉइड यांचा जीव घेतला. त्यानंतर बड्या कंपन्यांनी आणि न्यासांनी वांशिक न्यायासाठी अब्जावधी डॉलर जाहीर केले. त्यांतले पुष्कळसे कर्जाच्या आणि गुंतवणुकीच्या रूपातले होते, हे बातम्यांच्या मथळ्यांत आले नाही. वारे फिरायला तीन वर्षे पुरली. माँटगोमेरीपासून अडीचशे किलोमीटरवर अटलांटात ‘फिअरलेस फंड’ नावाची संस्था आहे, कृष्णवर्णीय स्त्रियांनी चालवलेली. छोटा व्यवसाय करणाऱ्या कृष्णवर्णीय स्त्रियांना ती एका स्पर्धेतून २० हजार डॉलरचे अनुदान देत असे. ऑगस्ट २०२३ मध्ये तिच्यावर दावा झाला की, हा वंशभेद आहे. आधार घेतला १८६६ च्या नागरी हक्क कायद्याचा, जो नुकत्याच सुटलेल्या गुलामांना करार करण्याचा समान हक्क मिळावा म्हणून केला गेला होता. जून २०२४ मध्ये अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मताने अनुदान रोखले. सप्टेंबरमध्ये तडजोड झाली आणि ती स्पर्धा कायमची बंद झाली.