‘निर्वाण’ : एका शब्दाचा मागोवा

‘निर्वाणीचा इशारा’ देणारी पत्रे कचेरीत आम्ही जन्मभर लिहीत आलो. अखेरचा, ज्यापुढे काही उरत नाही, असा त्या शब्दाचा भाव आम्ही गृहीत धरला होता. म्हणूनच ६ डिसेंबरच्या अभिवादन सभेत मंडळाच्या एका तरुण सभासदाने “निर्वाण म्हणजे मरणच ना?” असे विचारले, तेव्हा आम्ही ‘होय’ म्हणून मोकळे झालो. ते उत्तर चुकीचे होते. त्याची भरपाई येथे करीत आहोत.

‘निर्’ हा उपसर्ग आणि ‘वा’ म्हणजे वाहणे हा धातू, यांपासून हा शब्द सिद्ध होतो. पाणिनीने त्याकरिता स्वतंत्र सूत्रच रचले आहे : वाऱ्याविषयी ‘निर्वात’ म्हणावे, अन्यत्र ‘निर्वाण’. अग्नी विझला की तो निर्वाण झाला. पालीत याचेच ‘निब्बान’ झाले.

मग विझते ते काय? गयेजवळच्या गयासीस टेकडीवर, जिला आज ब्रह्मयोनी म्हणतात, बुद्धांनी सहस्र भिक्षूंना उपदेश केला. डोळा, कान, मन, सारेच राग, द्वेष व मोह यांच्या अग्नीने पेटले आहे, असा त्याचा आशय. (येथे ‘राग’ म्हणजे आसक्ती; आपला मराठी संताप नव्हे.) हे भिक्षू पूर्वाश्रमीचे अग्निपूजक जटाधारी होते. आयुष्यभर अग्नी जोपासलेल्यांपुढे ही भाषा! पालीत ‘उपादान’ या एकाच शब्दाने इंधन आणि आसक्ती या दोहोंचा बोध होतो, हेही ध्यानात घ्यावे. इंधन सरले की ज्वाला आपोआप शमते.

वच्छगोत्त नामक परिव्राजकाने विचारले, मुक्त पुरुष मृत्यूनंतर कोठे जन्मतो? बुद्धांनी उलट विचारले, विझलेला अग्नी कोणत्या दिशेस गेला? प्रश्नच लागू पडत नाही, हे त्याला कबूल करावे लागले.

बुद्धांना बोधी लाभली ती पस्तिसाव्या वर्षी. त्यानंतर पंचेचाळीस वर्षे ते गावोगाव हिंडून शिकवीत राहिले. निर्वाण म्हणजे मरण असते, तर हे घडतेच ना! कुशिनारा येथील देहान्तास ‘महापरिनिर्वाण’ म्हणतात. अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्यात तो प्रसंग सुमारे सात मीटर लांबीच्या मूर्तीत कोरलेला आहे. बाबासाहेब आंबेडकरांच्या १९५६ मधील देहावसानाचा दिवस त्याच नावाने पाळला जातो.

आमच्या मातोश्री देवापुढचा दिवा ‘विझला’ असे कोणास म्हणू देत नसत. ‘शांत झाला’ म्हणावे, असे त्या बजावीत. त्यांना पाली येत नव्हती.