राब: रानाची माती वाफ्यात आणायची रीत

आजचा भाग मातीवर आहे. इतिहासात माती कुठून आली, असं काही जणांना वाटेल. पण शहापूर-मुरबाडसारख्या डोंगराळ भागातल्या मातीवरून एकोणिसाव्या शतकात शेतकरी आणि जंगल खातं यांचं इतकं बिनसलं, की 1885 साली मुंबई सरकारला ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या तक्रारींसाठी आयोग नेमावा लागला. कागदोपत्री तो झाडांचा वाद होता. माझं म्हणणं असं की तो मुळात मातीचा वाद होता. आणि ते पटायचं तर आधी माती कळली पाहिजे. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

शहापूर आणि मुरबाड, दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी. एकीकडे माहुली आणि कसारा घाट, दुसरीकडे माळशेज आणि नाणेघाट. खाली सगळीकडे दगड एकच, आपला काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट. पण गंमत बघा, या एकाच दगडापासून इथे दोन अगदी वेगळ्या माती तयार होतात. फरक करतं ते पाणी.

उतारावर पाणी थांबत नाही. चार महिन्यांत अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण तो जिरतो आणि निघून जातो. मातीत हवा खेळती राहते, दगडातल्या लोहाला एक प्रकारे गंज चढतो, म्हणून ही माती तांबूस-तपकिरी दिसते. अगदी बारीक चिकणमातीचा बराच भाग पाण्याबरोबर खाली उतरतो. वर उरतं ते रेती, गाळ आणि चिकणमाती यांचं मिश्रण. त्याला आपल्याकडे सुंदर शब्द आहे, पोयटा. रानात या पोयट्यावर दरवर्षी पातेरा पडतो, कुजतो. वाळवी, गांडुळं आणि मुळं मातीला भोकं पाडत राहतात. खाली मुरूम असतो, तो जादाचं पाणी गिळतो.

ओळखायची खूण सोपी आहे. ओलसर मातीची मूठ आवळा. रेताड असेल तर लगेच विस्कटते. चिकण असेल तर लाडू होतो आणि बोटांना चिकटून बसतो. पोयट्याचाही लाडू होतो, पण बोटाने ढोसलं की फुटतो. दुसरी खूण झाडांची. सागाला पाय ओले राहिलेले चालत नाहीत, तो निचऱ्याच्या खोल मातीत सरळ वाढतो. ऐन जरा जड मातीतही तग धरतो. आणि पाणी साचणाऱ्या सपाटीवर पळस दिसायला लागतो. रानातून चालताना झाडं बघितली तरी पायाखालच्या मातीचा अंदाज येतो.

आता खाली या. उतारावरून वाहून आलेली बारीक माती दरीच्या तळाशी, बांधाच्या आत साठते. ती काळपट, जड, पाणी धरून ठेवणारी. हीच भाताची खाचरं. शेतकरी तिथे मुद्दाम चिखलणी करतो, म्हणजे मातीची भोकं बुजवून पाणी वर थांबवतो. रानात निसर्ग जे करतो, त्याच्या बरोबर उलटं. या दोन्हींच्या मध्ये माळाची, वरकस जमीन. तिच्यावर नागली, वरई, खुरासणी अशी पिकं पाळीपाळीने घ्यायची, मग माती दमली की काही वर्षं पड ठेवायची.

आणि इथे येतो राब.

भाताचं रोप थेट चिखलात टाकलं तर या धोधो पावसात ते कुजतं, नाहीतर तणात गुदमरतं. म्हणून रोप आधी वेगळ्या वाफ्यात करायचं, थोड्या उंचवट्याच्या, निचऱ्याच्या जागी. हेक्टरभर लावणीला साधारण 10 गुंठे. उन्हाळ्यात त्या जागेवर शेणाचा थर, त्यावर झाडांची कवळ म्हणजे पानांसकट तोडलेल्या बारीक फांद्या, त्यावर गवत आणि पातेरा, आणि सगळ्यांवर बारीक मातीचा हलका थर. मातीमुळे आग भडकत नाही, धुमसत राहते, राखही वाऱ्याने उडत नाही. ऐनाची कवळ यासाठी खास पसंतीची. हे पेटवणं म्हणजे राब भाजणं. मग पावसाच्या तोंडावर बी फेकायचं, तीन-चार आठवड्यांनी रोप उपटून खाचरात आवणी करायची.

नीट विचार केला तर हे काय आहे? पानाफांद्यांत साठलेलं रानाच्या मातीचं सत्त्व डोंगरावरून उतरवून दहा गुंठ्यांत ओतणं. भुसभुशीत, तणाशिवायची, निचरा होणारी, पोटॅश आणि चुना असलेली जमीन. भात वाढतो चिखलात, पण त्याचं बालपण जातं रानाच्या मातीत. राबाचा सगळा अर्थ मला यात दिसतो.

इंग्रज अधिकाऱ्यांना आधी हा निव्वळ अडाणीपणा वाटला. चांगलं लाकूड जाळायचं, शेण जाळायचं, हे कसलं खत? खरं तर प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता, कारण जाळल्यावर नत्राचा मोठा भाग हवेत जातो. पण जॉन ऑगस्टस व्होल्कर नावाचे रसायनतज्ज्ञ हिंदुस्थानातली शेती बघायला 1889 च्या अखेरीस आले, आणि 1893 साली छापलेल्या त्यांच्या अहवालात राबाची गंभीरपणे दखल घेतली गेली. पुढे पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी जोशी आणि कानिटकर या सहकाऱ्यांबरोबर राबावर प्रयोग केले, ते 1912 साली प्रसिद्ध झाले. मुख्य प्रश्न होता: गुण राखेचा की आचेचा? आज आपल्याला माहीत आहे की दोन्हींचा. राखेतून पोटॅश आणि चुना मिळतो, आम्लता कमी होते. आणि आच वरच्या थरातलं तणाचं बी मारते, मातीत अडकलेलं नत्र रोपाला लगेच घेता येईल अशा रूपात मोकळं करते. शेणाचं नत्र जळून जातं, पण जमिनीचं नत्र कामाला लागतं. शेतकऱ्याला हे सूत्र माहीत नव्हतं, परिणाम मात्र नक्की माहीत होता.

आता वादाकडे येऊ. रेल्वे 1855 मध्ये वाशिंदपर्यंत आणि 1861 च्या सुरुवातीला कसाऱ्यापर्यंत पोचली. इथलं लाकूड आणि कोळसा मुंबईच्या बाजारात नेणं सोपं झालं. रानाला भाव आला आणि सरकारचं लक्षही. 1878 च्या जंगल कायद्याने राखीव जंगल ठरवलं, आणि तिथे परवानगीशिवाय झाड तोडणंच काय, फांदी छाटणं आणि आग लावणं हासुद्धा गुन्हा झाला. म्हणजे कवळही गेली आणि पातेराही. ज्यांच्या मालकीच्या वरकस जमिनीवर झाडं होती, ते कसेबसे निभावले असतील. ज्यांच्याकडे दोन खाचरं आणि डोंगराचाच आधार होता, त्यांचं काय? ठाकर, कातकरी, महादेव कोळी आणि गरीब कुणबी यांची अडचण इथे होती. राब नाही तर रोप नाही, रोप नाही तर आवणी नाही.

जोतीराव फुल्यांनी 1883 साली लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये जंगल खात्यावर जो राग काढला आहे, तो याच काळातला. रानावर जगणाऱ्या शेतकऱ्याचा आणि त्याच्या गुरांचा आधार कसा तुटला, हे त्यांनी नेमकं पकडलं होतं. दोन वर्षांनी आयोग बसला, 1887 मध्ये त्याचा अहवाल आला, आणि त्यातला एक मुख्य प्रश्न होता राब.

मी या वादात कुणाला खलनायक करणार नाही. जंगल खात्याची भीती खोटी नव्हती. दरवर्षी फांद्या छाटल्या, पातेरा झाडून नेला, की उतार उघडा पडतो. जोराचा पाऊस थेट मातीवर आदळतो, भोकं बुजतात, पाणी जिरायचं सोडून वाहायला लागतं आणि पोयटा घेऊन जातं. मग उरतो मुरूम. एक सेंटिमीटर माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात, ती जायला काही पावसाळे पुरतात. पण शेतकऱ्याचंही खोटं नव्हतं. तो रानातून काही चोरत नव्हता, पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या एका देवाणघेवाणीवर जगत होता. वरकस पड ठेवणं, झाड न तोडता फक्त कवळ काढणं, हे त्या व्यवहाराचे नियमच होते. कायद्याने रान आणि शेत यांच्यामध्ये रेघ ओढली. मातीच्या हिशोबात तशी रेघ कधी नव्हतीच. आणि दोन्हीकडे एकदम ताण आला: रान बाजारासाठी तुटत होतं, शेतकऱ्याला उरलेल्या थोड्या झाडांवर जास्त वेळा कोयता चालवावा लागत होता.

याच सुमारास रानाच्या मातीला आणखी एक गिऱ्हाईक मिळालं, मुंबई शहर. शहापूर तालुक्यातलं तानसा धरण 1892 मध्ये पूर्ण झालं, पुढे मोडकसागर आणि भातसा आले. भोवतालच्या रानात माती पाणी जिरवते आणि सावकाश सोडते, तिथे तलावात गाळ कमी येतो. म्हणजे मुंबईत नळ सोडणारा माणूसही या पोयट्यावर अवलंबून आहे, त्याला ठाऊक असो वा नसो.

आज राब कमी झालाय. खतं आली, मजूर मिळत नाहीत, धुराचाही प्रश्न आहे. ते ठीकच. राबामागचा विचार मात्र वेगळ्या वाटेने परत आलाय. नारायण सावंतांच्या चारसूत्री पद्धतीत रोपासाठी भाताच्या तुसाची राख आणि शेतासाठी गिरिपुष्पाचा पाला वापरतात. मुरबाडच्या शेजारी, कर्जत तालुक्यात नेरळला चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा पद्धत आणली. त्यात चिखलणीच नाही, गादीवाफ्यावर भात, जुनी मुळं जमिनीतच कुजू द्यायची. म्हणजे खाचराची माती थोडी रानासारखी होऊ द्यायची.

काळजी वेगळीच आहे. पूर्वी रानाची माती शेतात यायची, आता शेतातली माती विकली जाते. खाचरांचा वरचा थर वीटभट्टीला जातो, टेकड्यांचा मुरूम भरावाला जातो. आणि ज्या कातकऱ्यांचं रान सुटलं, त्यांच्यातलीच कितीतरी कुटुंबं पावसाळा संपला की त्या भट्ट्यांवर विटा पाडायला जातात.

जाता जाता एक काम सांगतो. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली दावा करताना जुने सरकारी अहवाल, गॅझेटियर आणि वडीलधाऱ्यांचे जबाब, हे सगळे पुरावे धरले जातात. तेव्हा घरात कुणी आजी-आजोबा असतील तर विचारा: आपला राब कुठे भाजायचे, कवळ कुठल्या रानातून आणायचे, त्या माळाला काय म्हणायचे? आणि लिहून ठेवा, तारखेसकट. त्या आठवणीचं वजन ग्रामसभेतही असतं. भेटूया पुढच्या भागात.