शी-शूची सवय : काल आणि आज



स्मरणिकेत बहुधा गावाचा, देवळांचा नाहीतर थोर पुरुषांचा इतिहास येतो. पण ज्या कामात आपल्या बायकांची निम्मी उमर जाते, त्याचा इतिहास कोणी लिहीत नाही. लहान मुलाला शी-शूची सवय लावणे हे असेच एक काम आहे. मथळा वाचून काहीजणी हसतील, काही नाकाला पदर लावतील. तरीही मी हाच विषय घेतला आहे. कारण आपल्या शिरूर-दौंडकडच्या कितीतरी घरांत या एका गोष्टीपायी दोन-अडीच वर्षांच्या पोरांना अजूनही चापट्या बसतात, आणि 'तुला एवढेही शिकवता येत नाही' म्हणून त्यांच्या आयांना बोलणी खावी लागतात. माझे शिक्षण सातवीपर्यंतच झाले आहे, पण वाचनाची आवड आहे. जे वाचले आणि पाहिले, ते सांगते.

जुन्या बायकांची रीत ठरलेली होती. आजी जमिनीवर बसून पाय लांब करी, दोन पावलांच्या मध्ये बाळाला बसवी आणि तोंडाने 'शूऽ शूऽ' असा आवाज काढी. सकाळी उठल्यावर एकदा, दूध प्याल्यावर एकदा. बाळाचा चेहरा पाहूनच तिला वेळ कळे. मूल चालू लागले की थोरल्या भावंडांमागे परसात जाई आणि त्यांचे पाहून शिके. ही रीत काही आपल्याच मुलखातली नाही. आफ्रिकेत केनियाच्या किनाऱ्यावर दिगो नावाचे लोक राहतात. त्यांच्या आया अशाच पाय पसरून बाळाला धरतात आणि आवाज काढून सवय लावतात, असे १९७७ साली तिथल्या अभ्यासावरून प्रसिद्ध झाले. पहिल्या काही आठवड्यांतच त्या सुरुवात करतात, आणि पाच-सहा महिन्यांचे मूल कपडे ओले करीनासे होते. मात्र तिथे बाळ दिवसभर कोणाच्या ना कोणाच्या अंगावर असते. ज्या घरात आई एकटी आणि कामे दहा, तिथे हे कसे जमावे?

आपल्या जुन्या ग्रंथांतही हा विचार आहे. चरकसंहितेत बाळाच्या घराचे वर्णन येते. ते घर अंधारे नसावे, तिथे पाण्याची, स्नानाची आणि मलमूत्राची जागा वेगवेगळी व नीट आखलेली असावी, असे त्यात सांगितले आहे. बाळाचे अंथरूण मलमूत्राने खराब झाले तर बदलावे. दुसरे नसेल तर तेच स्वच्छ धुऊन, धुरी देऊन, वाळवून वापरावे, असेही आहे. सर्वांत मोलाची गोष्ट पुढेच आहे. मूल रडले, जेवले नाही किंवा ऐकले नाही तरी राक्षस-पिशाचांची नावे घेऊन त्याला भिववू नये, असे चरक बजावतो. आपण मात्र बागुलबुवा, पोलीस आणि सुईवाला डॉक्टर असे तिघेही रोज दारात उभे करतो!

पाश्चात्त्य देशांत तर याहून नवल झाले. अमेरिकेत सरकारने १९१४ साली आयांसाठी एक पुस्तिका काढली. तिसऱ्या महिन्यापासून, किंवा त्याआधीही, घड्याळाच्या ठोक्यावर बाळाला भांड्यावर धरावे असा तिचा उपदेश होता. पुढे १९४६ साली डॉक्टर स्पॉक यांचे पुस्तक आले आणि त्यांनी आयांना सांगितले, इतकी घाई करू नका. १९६२ साली बॉस्टनच्या डॉक्टर ब्रेझल्टन यांनी १,१७० मुलांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. साधारण दीड वर्षानंतर, मुलाची तयारी पाहून, जबरदस्ती न करता सवय लावली, तर दिवसा कपडे कोरडे ठेवायला मुले सरासरी साडेअठ्ठावीस महिन्यांची होऊन शिकली, असे त्यांना आढळले. म्हणजे सव्वादोन वर्षांचे मूल अजून शिकलेले नसेल, तर त्यात आईचा दोष नाही आणि मुलाचा तर नाहीच.

आपल्या महाराष्ट्रात मुलाकडे अशा नजरेने पाहायला शिकवले ते ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी. इटलीच्या माँटेसोरीबाईंनी १९०७ साली रोममध्ये बालगृह काढले आणि मुलांच्या मापाची खुर्ची-मेजे करवून घेतली. सामान मुलाच्या हाताला येईल असे असले की मूल आपले काम आपण करू लागते, हे त्यांनी दाखवले. ताराबाईंनी तोच विचार आपल्याकडे आणून खेड्याला परवडेल असा केला. १९४५ साली तेव्हाच्या ठाणे, आताच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी गावी त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. गरीब वस्तीतली मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. मुलांना न्हाऊ घालणे, नखे काढणे, केस विंचरणे हाही तिथे शिक्षणाचाच भाग होता. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेले.

या काळात आपल्या खेड्यांत दुसरा मोठा बदल झाला. गाडगेबाबांनी हातात झाडू घेऊन सारा महाराष्ट्र स्वच्छतेला लावला. ते १९५६ साली गेले. त्यांच्याच नावाने सन २००० मध्ये ग्रामस्वच्छता अभियान निघाले, आणि २०१४ पासून स्वच्छ भारत अभियान आले. वावरात, ओढ्याकाठी जाणाऱ्या आपल्या बायकांची केवढी अब्रू राखली गेली! पण संडास बांधला तो मोठ्यांच्या मापाचा. आत अंधार, दार जड, भांड्याचे भोक मोठे. लहानग्याला वाटते की आपण यात पडणार. ते दारातच पाय रोवते आणि आपण म्हणतो, पोर हट्टी आहे! म्हणून तर अंगणवाड्यांत लहान मापाचे बालस्नेही संडास बांधावेत असे सरकारी योजनेतही आले.

हटून बसण्याचे दुसरे कारण पोटात असते. शी एकदा खड्यासारखी होऊन दुखली की मूल धसका घेते आणि दाबून धरते. दाबल्याने ती आणखी घट्ट होते. तिथे चापटी काय कामाची? पाणी, पालेभाजी, पपई, भिजवलेल्या मनुका यांनी पोट मऊ करावे. रक्त पडले किंवा दिवसेंदिवस शी झाली नाही तर डॉक्टरांना दाखवावे. जेवणानंतर थोडा वेळ लहान भांड्यावर बसवावे, पाय जमिनीला टेकलेले असावेत. गोष्ट सांगावी, झाली तर शाबासकी द्यावी, नाही झाली तर मुकाट्याने उठवावे.

आणखी एक समजूत काढून टाकली पाहिजे. 'लहान मुलाची शी काही घाण नसते' असे आपण म्हणतो आणि उकिरड्यावर किंवा गटारात टाकतो. जुलाबाचे जंतू तीतही असतात. ती संडासातच टाकावी आणि आपले व मुलाचे हात साबणाने धुवावेत.

आज रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींमुळे आपल्याकडे नोकरीला जाणाऱ्या सुना-लेकी पुष्कळ झाल्या. कागदी लंगोटाची कल्पना आता आपल्या वाण्याच्या दुकानात लटकते. त्यावरून सासवा सुनांना आळशी म्हणतात. मला ते पटत नाही. सासूच्या वेळी घरात आजी होती, आत्या होती, परस होते. सुनेकडे दोन खोल्या आहेत आणि सातची बस आहे. मात्र लंगोट बांधला म्हणजे सवय लावायची राहून जाऊ नये. सुट्टीच्या दिवशी तो काढावा, मुलाला ओले झालेले कळू द्यावे, आणि आजीने आपली जुनी नजर नातवंडासाठी पुन्हा वापरावी.

आजीला वेळ ओळखता येत होती, चरकाने भिववू नका म्हटले, माँटेसोरीबाई आणि ताराबाईंनी मुलाच्या मापाने पाहायला शिकवले. तेव्हा मूल हटून बसले की प्रथम वेळ, धाक आणि जागा या तीन गोष्टी तपासाव्यात. बहुतेक वेळा चूक तिथेच सापडते. आपल्या मंडळाने गावातील अंगणवाडीत लहान मापाचे संडास आहे का, त्यात उजेड आणि पाणी आहे का, एवढे यंदा जाऊन पाहिले, तर वर्धापनदिन खऱ्या अर्थाने साजरा झाला असे मला वाटेल.