धमन्यांच्या आडवाटा

मुळशी म्हटली की मुळेवरचे धरण आणि सेनापती बापटांचा सत्याग्रह आठवतो. याच तालुक्यात लवळ्याच्या टेकडीवर २०२० साली केवळ मुलींसाठी वैद्यकीय महाविद्यालय निघाले. परवा तिच्या पायथ्याने जाताना मनात आले, या मुली मानेतल्या धमन्या चिरून पाहतील तेव्हा पुस्तकाशी त्यांचे भांडण होणार! (फराळाच्या ताटाशी हा विषय कशाला, असे घरातून ऐकून घेतलेच आहे.)

पुस्तक सांगते, हृदयातून निघालेल्या महाधमनीच्या कमानीला तीन फाटे फुटतात आणि डोके, मान व हात यांना रक्त पुरवतात. पण शेकडा दहा-वीस माणसांत पहिले दोन फाटे एकाच बुंध्यातून निघतात.

सुश्रुताने प्रेत गवतात गुंडाळून सात रात्री नदीत ठेवावे आणि मग कुंच्याने हळूहळू घासून पाहावे, असे सांगितले. सांगणे धाडसाचे खरे. पण इतक्या कुजलेल्या देहात बारीक धमन्या कितपत टिकत असतील, याची मला शंकाच आहे. लंडनच्या रिचर्ड क्वेनने मात्र १०४० देह तपासून १८४४ साली धमन्यांचा ग्रंथ काढला. पुढच्याच वर्षी मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज उघडले. प्रेताला शिवणे म्हणजे विटाळ, अशा त्या काळात भाऊ दाजी लाड तेथे शिकले आणि १८५१ च्या पहिल्या पदवीधरांत आले.

हा केवळ पंडितांचा छंद नव्हे. अठराव्या शतकात डेव्हिड बेफर्डने एका बाईची हकीकत लिहिली. तिला जन्मभर घास गिळवेना. शेवटी ती खंगून गेली. देह उघडला तेव्हा उजव्या हाताची धमनी भलतीकडूनच निघून अन्ननलिकेला दाबत होती. अशा माणसाची उजवी स्वरनसही, एरवी त्या धमनीला वळसा घालून वर येणारी, थेट कंठाकडे येते. गलगंड काढताना शल्यवैद्य पुस्तकावर विसंबला, तर ती नस कापली जाऊन आवाज जातो. आता छायाचित्रयंत्रे ही धमनी आधी दाखवू शकतात; तरी हाताला ओळख प्रेतावरच होते.

१९४९ च्या कायद्याने बेवारस देह शिक्षणासाठी देण्याची सोय केली. आता लोक आपणहून देहदानाचे अर्ज भरतात. माझाही भरून कपाटात ठेवला आहे. माझ्या महाधमनीतून तीन फाटे निघतात की दोन, ते त्या मुलींपैकीच कोणी पाहील.