शस्त्रवैद्याच्या हत्यारांची निगा

फर्दापुरास येणारा प्रवासी लेणी पाहतो आणि परततो. पण येथून घाट चढून अजिंठा गावी गेलो, तर आपणांस एक निराळा इतिहास भेटतो. 23 सप्टेंबर 1803 रोजी असईच्या रणात वेलस्लीच्या फौजेने शिंदे-भोसल्यांच्या सैन्याचा पराभव केला. पण त्याचेही हजारावर लोक जखमी झाले, आणि त्यांच्यासाठी अजिंठ्यास रुग्णालय उघडावे लागले.

त्या काळच्या शस्त्रवैद्याची पेटी आपण डोळ्यांसमोर आणू. मखमलीचे अस्तर, आत हाड कापण्याची करवत, सुऱ्या, रक्त थांबविण्याचा स्क्रूचा पट्टा; मुठी शिसवी नाही तर हस्तिदंती. या हत्यारांची कोणी निगा राखीत नसे, असे मात्र समजू नये. निगा होती, ती धारेची. सुरी परजावी, पुसावी, गंजू नये म्हणून तेलाचा हात फिरवावा. न्हावी वस्तऱ्याला जपतो, तसेच हे जपणे. एकाच्या मांडीतून निघालेली करवत दुसऱ्याला लावण्यापूर्वी उकळावी, हे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. आणि उकळली असती तर त्या सुंदर मुठींची वाट लागली असती!

1867 साली लिस्टरने कार्बॉलिकचा मार्ग दाखविला, 1879 साली शांबेरलांने दाबाखालच्या वाफेचे भांडे तयार केले, आणि हळूहळू मुठीही धातूच्या झाल्या. चकाकणारे हत्यार स्वच्छ असतेच असे नाही, ही गोष्ट पटायला मात्र माणसे मरावी लागली. त्यातले एक प्रकरण थेट आपल्या मुंबईशी जडलेले आहे.

1896 साली मुंबईत प्लेग शिरला. हाफकिनने लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. पुढे परळच्या प्रयोगशाळेतून तिच्या बाटल्या देशभर जाऊ लागल्या. 30 ऑक्टोबर 1902 रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावी एकाच बाटलीतून टोचलेली 19 माणसे धनुर्वाताने दगावली. चौकशी आयोगाने ठपका ठेवला तो प्रयोगशाळेवर, आणि हाफकिनला काम सोडावे लागले.

पण त्या दिवशी घडले होते काय? बाटलीचे बूच काढण्याचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला. त्याने तो उचलला, कार्बॉलिकच्या पाण्यात खळबळला आणि त्यानेच बूच ओढले. पुष्कळांना एवढी काळजी पुरेशी वाटेल. धनुर्वाताचे बीज मातीत, शेणात असते, आणि अशा क्षणभराच्या बुडवणीला ते दाद देत नाही. चिमटा ज्योतीतून काढायला हवा होता. मदतनिसाला खलनायक ठरविण्यात मात्र अर्थ नाही. चालत आलेल्या रीतीप्रमाणेच तो वागला. रोनाल्ड रॉससारख्या शास्त्रज्ञांनी लंडनच्या वृत्तपत्रातून आवाज उठविला आणि 1907 साली हाफकिन निर्दोष ठरला; 1925 साली परळच्या संस्थेला त्याचे नावही मिळाले. पाच वर्षे एका माणसाच्या कपाळी हा डाग राहिला, तो एका चिमट्यापायी. अन् त्या 19 घरांचे काय? त्यांची आठवण या कथेत फारशी कोणी काढीत नाही.

पुढे दवाखान्यांतून काचेच्या पिचकाऱ्या आल्या. स्टोव्हवरच्या भांड्यात सुया खडखडत उकळताना आपल्या वाडवडिलांनी पाहिल्या आहेत. तेही पुरे नव्हे. साधी उकळी अशा बीजांचा भरवशाने नाश करीत नाही. त्याला दाबाखालची 121 अंशांची वाफ आणि पंधरा मिनिटे लागतात. आता पिचकारी एकदा वापरून टाकून देण्याची आहे, पण चिमटे, कात्र्या, दंतवैद्याची हत्यारे पुन्हा पुन्हा त्याच वाफेत जातात. म्हणून दवाखान्यात निगेचे पहिले मानकरी हे वाफेचे भांडेच. झाकणाचे रबर झिजले की वाफ निसटते. आतली हवा नीट निघाली नाही, तर काटा हवा तेवढा दाब दाखवितो आणि उष्णता मात्र त्या मानाने चढत नाही. हत्यारावर रक्त वाळलेले असेल, तर वाफ त्याच्या आड पोचत नाही. तेव्हा घासणे आधी, वाफ नंतर. ओली गाठोडी बाहेर काढून तशीच ठेवली, तर ओल्या फडक्यातून जंतू पुन्हा आत शिरतात.